फुटला तो रिॲक्टर कुठला? कुंभवली नाक्यावरचे इंग्रजी शब्द

आजचा भाग एका वाक्यापासून सुरू करूया.

"बोईसरला रिॲक्टर फुटला."

समजा, हे एवढंच वाक्य व्हॉट्सॲपवर आलं. पुण्यात किंवा दुबईत बसलेला माणूस ते वाचून काय करेल? त्याच्या डोक्यात लगेच तारापूरचं अणुऊर्जा केंद्र येणार, मग किरणोत्सर्ग, मग चेर्नोबिल. तो घाबरून घरी फोन लावणार. आणि हेच वाक्य कुंभवली नाक्यावर चहा घेत उभ्या असलेल्या माणसाने ऐकलं तर? तोही घाबरेल, पण त्याचा पहिला प्रश्न वेगळा असेल : "कुठल्या कंपनीचा?"

एकच शब्द, पण दोन माणसांच्या मनात दोन वेगळ्या वस्तू. आणि गंमत अशी की दोन्ही वस्तू बोईसरच्या आसपास, एकमेकींपासून काही किलोमीटरवर खरोखर आहेत. एक समुद्राच्या कडेला, अणुऊर्जा केंद्रात. दुसरी तारापूर एमआयडीसीत, आणि तीही एक नाही, कितीतरी. कुंभवली, कोलवडे, पाम, सालवड, सरावली, पास्थळ या गावांच्या आजूबाजूला पसरलेल्या या वसाहतीत औषधं, रंग, रसायनं बनवणाऱ्या कारखान्यांत जे मोठं बंद भांडं असतं, त्याला तिथले कामगार रिॲक्टरच म्हणतात. स्टीलचं किंवा आतून काचेचा लेप दिलेलं भांडं. आत ढवळायला पंखा, बाहेरून दुहेरी भिंत, त्या भिंतीतून वाफ किंवा थंड पाणी फिरवायचं. स्वयंपाकघरातल्या कुकरचा दूरचा, फार मोठा आणि फार तापट भाऊ समजा. आतली प्रक्रिया हाताबाहेर गेली, तापमान चढत गेलं, दाब वाढला, की हा भाऊ फुटतो.

११ जानेवारी २०२०. संध्याकाळची वेळ. कोलवडे गावच्या हद्दीतल्या एका रासायनिक कारखान्यात मोठा स्फोट झाला, माणसं गेली. आवाज कित्येक किलोमीटर लांब ऐकू गेला. अशा वेळी पहिल्या काही मिनिटांत लोकांच्या हातात असतो तो फक्त एक आवाज आणि एक-दोन शब्द. त्या शब्दांचा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय लागतो, यावर तो दार-खिडक्या लावून घरात बसणार की गाडी काढून पळणार, हे ठरतं.

म्हणून आजचा विषय : इंग्रजी शब्द आपल्याकडे येतात, एखाद्या धंद्यात शिरतात, आणि त्यांचा अर्थ आक्रसत आक्रसत एका कोपऱ्यात जाऊन बसतो. भाषाशास्त्रात याला अर्थसंकोच म्हणतात. आपण तो पुस्तकातून बघायचा नाही, बोईसर-तारापूरच्या रस्त्यावर बघायचा.

आधी रिॲक्टर पुरा करू. अणूच्या बाबतीत हा शब्द सुरुवातीला नव्हताच. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत माणसाने पहिल्यांदा नियंत्रित साखळी प्रक्रिया घडवली, तेव्हा त्या यंत्राला 'पाइल' म्हणत, म्हणजे चक्क ढीग. कारण तो होताच ढीग. ग्रॅफाइटच्या विटांवर विटा रचलेला. नंतर रिॲक्टर हे नाव रूढ झालं. आपल्याकडे तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' सुरू झाली आणि मग तारापूर. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी १९६४ साली करार झाला, आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून तारापूरच्या पहिल्या दोन युनिटांनी व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली. भारतातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. त्याच्या मागोमाग इथे एमआयडीसी आली, आणि तिच्याबरोबर दुसऱ्या जातीचे रिॲक्टर आले.

तेव्हापासून एकाच पट्ट्यात या शब्दाचे दोन संसार चालू आहेत. बाहेरच्यांसाठी शब्द अणूकडे आक्रसला, आतल्यांसाठी रसायनाच्या भांड्याकडे. आता मराठीने यावर आधीच तोड काढलेली आहे बरं का. वर्तमानपत्रं अणूवाल्याला 'अणुभट्टी' म्हणतात. इतका चोख शब्द! तो वापरला तर घोळच नाही. पण मेसेज टाइप करताना अणुभट्टी कोण लिहितो?

आणि भट्टीचं काय झालं ते बघा. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडच्या पाड्यांवर जाऊन विचारा, घरातली माणसं कुठे गेली. "भट्टीवर." म्हणजे वीटभट्टीवर. पावसाळा सरला की बायकापोरांसकट कुटुंबं निघतात, आणि 'भट्टी' या एका शब्दात अख्खं स्थलांतर मावतं. तिथे कोणी वीट हा शब्द जोडत नाही. लागत नाही ना. तेव्हा अर्थ आक्रसणं ही काही इंग्रजी शब्दांचीच खोड नाही. आपल्या शब्दांनाही ती आहे.

एक उदाहरण तर इतकं सुंदर जुळतं की दोन्ही भाषांनी ठरवून केलं असं वाटावं. इंग्रजीत 'डिअर' म्हणजे हरीण. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता कुठलाही पशू. त्याचा जर्मन भाऊ 'टिअर' आजही कुठल्याही प्राण्याला चालतो. इंग्रजीत मात्र तो हरणापाशी येऊन थांबला. आता आपला 'मृग' घ्या. मृगजळ, मृगनयनी म्हटलं की हरीण. पण सिंहाला मृगेंद्र का म्हणतात? तो काय हरणांचा राजा? माकडाला शाखामृग का? आणि शिकारीला मृगया? कारण संस्कृतात मृग म्हणजे आधी रानातलं कुठलंही जनावर. इंग्रज शिकाऱ्याने जे केलं तेच आपल्याकडेही झालं असावं : ज्याची सगळ्यात जास्त शिकार करायची, सगळ्या पशूंचं नाव त्या एकालाच देऊन टाकायचं.

मटणाचंही तसंच. फ्रेंचमध्ये 'मूतों' म्हणजे जिवंत मेंढी. नॉर्मन लोकांबरोबर हा शब्द इंग्लंडात गेला आणि पुढे ताटातल्या मांसापुरता उरला. चरणारी मेंढी 'शीप'च राहिली. तिथून तो आपल्याकडे आला, आणि आता रविवारी सकाळी "मटण आण" म्हटलं की दुकानदार बोकडाचं तोडतो. मेंढीपासून निघालेला शब्द बोकडावर उतरला, कोणाला पत्ताही नाही.

हे असं का होतं, यावर १८९७ साली मिशेल ब्रेआल नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने एक पुस्तक लिहिलं. शब्दार्थाच्या अभ्यासाला आज जे नाव आहे ते रुळवणारा हाच माणूस. त्याचं म्हणणं साधं होतं. 'ऑपरेशन' हा शब्द घ्या. शस्त्रवैद्याने उच्चारला तर डोळ्यांपुढे रोगी येतो, सैन्यातल्या माणसाने उच्चारला तर मोहीम, सावकाराने उच्चारला तर पैशांचा व्यवहार. कोणीही "कसलं ऑपरेशन" हे जोडत बसत नाही, कारण बोलणारा कोण आणि कुठे उभा आहे यानेच ते कळतं. प्रत्येक धंदा भाषेतले शब्द उचलतो आणि आपल्या कामापुरते कापून घेतो.

बोईसरला हे अक्षरशः खरं आहे. इथे 'ऑपरेटर' म्हणजे रिॲक्टर किंवा मशिन चालवणारा. 'जनरल' म्हणजे सेनापती नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी सुटणारी पाळी. "तो जनरलला आहे" असं म्हटलं की त्याच्या घरच्यांना बरं वाटतं, कारण रात्रपाळी नाही. आणि 'शटडाउन' म्हणजे कंपनी बुडाली असं नव्हे. वर्षातून काही दिवस प्लांट बंद ठेवून साफसफाई, दुरुस्ती, पाइप बदलणं चालतं, तो काळ. कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्या फिटर-वेल्डरला शटडाउन म्हणजे उलट कमाईचा हंगाम. बाहेरच्या माणसाला 'बंद' ऐकू येतं, आतल्याला 'काम' ऐकू येतं!

यातलं माझं लाडकं उदाहरण 'चार्ज'. आत्ता हे ज्या फोनवर वाचताय-ऐकताय, तो तुम्ही चार्ज करता. कुंभवलीतल्या रासायनिक कारखान्यातला ऑपरेटरही चार्ज करतो. त्याचं चार्जिंग म्हणजे गोणीतला किंवा ड्रममधला कच्चा माल रिॲक्टरमध्ये टाकणं. सूचना असते तशी : अमुक माल चार्ज कर, मग ढवळणी सुरू कर. आता सांगा, यातला मूळ अर्थ कोणाचा? फोनवाल्याचा नाही. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यात माल भरणं, ओझं लादणं यासाठी क्रियापद झालं, ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं ते 'चार्ज'. तेव्हा खांद्यावरची गोणी रिकामी करणारा तो माणूस या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ जगतोय. बंदुकीत दारू भरणं, कोणावर आरोप लादणं, बिलात पैसे लावणं, लाठीचार्ज, चार्जशीट, दागिन्यांचे मेकिंग चार्जेस ही सगळी त्याच ओझ्याची पिल्लं. विजेचा चार्ज तर फारच उशिरा आलेला पाहुणा.

'बॅटरी'ही तशीच. मूळ अर्थ मारणं, ठोकणं. त्यावरून तोफांची रांग. अठराव्या शतकाच्या मध्यावर बेंजामिन फ्रँकलिनने वीज साठवणाऱ्या बरण्या एका रांगेत जोडल्या आणि तोफांवरून त्या रांगेला बॅटरी म्हटलं. आपल्या गावाकडे मात्र बॅटरी म्हणजे अंधारात हातात घ्यायची विजेरी, आणि तिच्या पोटात घालायचे ते 'सेल'. फोनमध्येही बॅटरी असते आणि फोनलाही बॅटरी असते, म्हणजे टॉर्च. आजीला "बॅटरी लाव" म्हणायचं असतं तेव्हा नातू चार्जर शोधतो.

आता जरा मागे जाऊया, कारण या किनाऱ्यावर परक्या शब्दांची आयात इंग्रजांच्या फार आधी सुरू झाली होती.

तारापूरला किल्ला आहे, हे तिथे रोज कामाला जाणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. गावाच्या नावाचाही अर्थसंकोच झालाय बघा. तारापूर म्हणजे एक तर अणू, नाही तर एमआयडीसी. पण हा किल्ला पोर्तुगिजांकडे होता, आणि जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तो घेतला. त्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर पडले. चारेक महिन्यांनी वसईही पडली. पोर्तुगीज गेले, पण शब्द ठेवून गेले. चावी, साबण, बटाटा, कोबी हे तुम्हाला माहीत असेल. त्यातला 'पगार' बघा. पोर्तुगीजमध्ये ते नाम नाही, क्रियापद आहे. पैसे देणं, कोणालाही, कशासाठीही. मराठीत येताना ते सगळं गळून फक्त महिन्याच्या शेवटी हातात पडणारी रक्कम उरली. आणि 'पाव' म्हणजे तिथे कुठलीही भाकरी-रोटी. आपल्याकडे फक्त बेकरीतला तो चौकोनी, मऊ.

आता या पावाला 'कंपनी' जोडतो, थांबा.

बोईसरला "काय करतोस?" याचं उत्तर "कंपनीत जातो" असं येतं. बँकेत असेल तर माणूस "बँकेत" म्हणेल, दुकानात असेल तर "दुकानात". कंपनी म्हणजे एमआयडीसीतला कारखाना, ही गोष्ट ठरलेली. त्याआधी मराठीत कंपनी म्हणजे आणखी काही होतं. पेशवाई बुडाल्यावर कंपनी म्हणजे सरकार. ईस्ट इंडिया कंपनी. मग नाटक कंपनी, गावोगाव तंबू ठोकणारी. १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात फिल्म कंपनी' उभी राहिली. प्रत्येक पिढीने हा शब्द उचलला आणि आपल्या काळातली जी सगळ्यात मोठी कंपनी, तिच्यापुरता कापला. मुळात मात्र लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे भाकरी. एका भाकरीतून खाणारे ते कंपनी. आणि पोर्तुगिजांचा पाव? तोही याच 'पानिस'पासून आला. म्हणजे सुट्टी झाल्यावर कुंभवली नाक्यावर वडापाव खाणाऱ्या कामगाराच्या हातात आणि त्याच्या आयकार्डावर एकाच लॅटिन शब्दाची दोन पोरं असतात. एक गोव्या-वसईवरून आलं, दुसरं लंडनवरून. असली भेट मला तरी एखाद्या राजाच्या वंशावळीपेक्षा मोलाची वाटते.

'फॅक्टरी'चा प्रवासही ऐका. सतराव्या शतकात इंग्रजांनी सुरतेला फॅक्टरी काढली, असं इतिहासाच्या पुस्तकात असतं आणि मुलं विचारतात, तिथे काय बनवायचे? काहीच नाही. तेव्हा 'फॅक्टर' म्हणजे व्यापाऱ्याचा अडत्या, आणि फॅक्टरी म्हणजे त्याची राहायची-माल ठेवायची जागा. मराठीने तिला बरोबर 'वखार' म्हटलं. पुढे यंत्रं आली, फॅक्टरी म्हणजे माल बनवायची जागा झाली. वखारीचं काय झालं? तीही आक्रसली. आज वखार म्हटलं की लाकडाचीच. एका अर्थाने निघालेले दोन शब्द, एक यंत्राकडे गेला आणि एक ओंडक्यांकडे.

रेल्वेवर थोडं बोललं पाहिजे, नाहीतर पालघरवाले माफ करणार नाहीत. १८६४ साली सुरतेकडून येणारी बी.बी. अँड सी.आय. रेल्वे मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचली. तिच्यावरून इथे आलेला एक शब्द म्हणजे 'शटल'. विरार-डहाणूमध्ये हेलपाटे घालणारी गाडी. शटल म्हणजे मुळात हातमागावरचा धोटा, जो सुतासकट इकडून तिकडे पळतो. त्यावरून तशी पळणारी गाडी. तारापूर एमआयडीसीत कापडाचे कारखानेही आहेत, तिथे नवे माग आले त्यांना शटललेस म्हणतात. म्हणजे कारखान्यातून शटल गेलं, स्टेशनवर राहिलं, आणि संध्याकाळी बॅडमिंटनला आणखी तिसरंच. मग १६ एप्रिल २०१३ला चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. 'लोकल' म्हणजे खरं तर स्थानिक, एका जागेचं. 'लोकल ट्रेन'मधली ट्रेन लोकांनी केव्हाच गाळली, आणि विशेषणाचं नाम झालं. मोबाईल फोनमधला फोन गळला तसंच. अर्थ आक्रसायची ही सगळ्यात सोपी वाट : दोन शब्दांतला एक गाळायचा आणि त्याचा भार उरलेल्याच्या डोक्यावर द्यायचा.

पण बोईसरमध्ये 'लोकल' या शब्दाला आणखी एक धार आहे, आणि तिथून विषय जरा गंभीर होतो. "लोकल पोरांना घेत नाहीत." हे वाक्य एमआयडीसीच्या आजूबाजूच्या कुठल्याही गावात कानावर येईल. ते बोलणाऱ्याच्या मनात लोकल म्हणजे कुंभवलीचा, पामचा, फार तर पालघर तालुक्यातला. ज्याच्या शेजारी धुराडं आहे तो. सरकारी धोरणात मात्र ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्यायच्या, यातला 'स्थानिक' म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला माणूस. चंद्रपूरचाही चालतो, सोलापूरचाही. त्यामुळे कंपनी म्हणू शकते की आम्ही लोकल घेतले, आणि गाव म्हणू शकतं की एकही घेतला नाही, आणि दोघंही खोटं बोलत नसतात! बोलीत शब्द आक्रसला, कागदावर रुंद राहिला. मोर्चा निघतो तो या दोन अर्थांच्या मधल्या जागेतून.

कायद्याची भाषा तर अर्थ आक्रसूनच चालते. तिचं कामच ते. १९४८चा कारखाने अधिनियम घ्या. त्यात फॅक्टरी कशाला म्हणायचं? वीज वापरून काम चालत असेल तर दहा किंवा जास्त कामगार, विजेशिवाय असेल तर वीस. नऊ कामगारांच्या शेडमध्ये मशिन धडधडत असलं तरी कायद्याच्या पहिल्या नजरेत ती फॅक्टरी नव्हे. पुढे २०२० साली नवी संहिता आली, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि तिच्यात हेच आकडे वीस आणि चाळीस झाले. धोकादायक कामांसाठी सरकारला वेगळी तरतूद करायची मुभा आहे, ते खरं. पण शब्द तोच, स्पेलिंग तेच, आणि १९४८च्या कायद्यातली पंधरा माणसांची शेड नव्या व्याख्येतून बाहेर. अर्थसंकोच हा विषय भाषेच्या तासापुरता आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या पंधरांपैकी एकाशी बोलावं.

'ॲक्सिडेंट' हाही असाच शब्द. मूळ अर्थ नुसता 'जे घडून येतं ते', चांगलं किंवा वाईट. आपल्याकडे तो बहुतेक वेळा रस्त्यावरचा : "हायवेला ॲक्सिडेंट झालाय." आणि कारखान्यांच्या कायद्यात ज्याची खबर द्यावीच लागते तो अपघात म्हणजे ज्यात माणूस दगावला, किंवा दुखापतीमुळे निदान ४८ तास कामावर येऊ शकला नाही. बोट चेंगरलं, दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून माणूस हजेरीला उभा राहिला, तर ती दुखापत या व्याख्येत बसत नाही. आता विचार करा, जखमी माणसाला दुसऱ्या दिवशी नुसतं बसायला का होईना बोलावण्यात कोणाचा फायदा असू शकतो. ४८ हा आकडा त्या शब्दाच्या आत लपलेला आहे, आणि ज्याचं बोट आहे त्याला तो माहीत असायला हवा.

असाच एक शब्द 'क्रिटिकल'. तुमच्या नातेवाइकाबद्दल फोन आला, "कंडिशन क्रिटिकल आहे", की पोटात गोळा येतो. ग्रीकमध्ये या शब्दाच्या मुळाशी निवाडा आहे. जिथे निकाल लागतो तो क्षण. वैद्यांनी तो दुखण्याच्या निर्णायक घडीला लावला. अणुशास्त्रज्ञांनी वेगळ्या निर्णायक बिंदूला लावला : साखळी प्रक्रिया स्वतःच्या जोरावर चालू राहते तो बिंदू. म्हणून ६ मार्च २००५ला तारापूरचं चौथं युनिट क्रिटिकल झालं तेव्हा पेढे वाटण्याचा दिवस होता, आणि २१ मे २००६ला तिसरं झालं तेव्हाही. ५४० मेगावॅटचे, आपल्याकडेच बांधलेले रिॲक्टर. ज्या पोफरण आणि अक्करपट्टीची घरं त्यासाठी हलली, त्यांच्या मनात त्या दिवशी काय होतं ते वेगळं.

आणि तिसरा अर्थही याच पट्ट्यात सापडतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ औद्योगिक पट्ट्यांना गुण देतं. ७०च्या वर गेलात की तुम्ही 'क्रिटिकली पोल्यूटेड'. २०१८च्या यादीत तारापूरला ९३.६९ गुण होते. देशात पहिला नंबर. म्हणजे एका तालुक्यात क्रिटिकल म्हणजे मरणाच्या दारात, क्रिटिकल म्हणजे सुरळीत चालू, आणि क्रिटिकल म्हणजे हवा-पाणी नासलेलं. तिन्ही छापून येतं, एकाच पेपरात.

शेवटचा शब्द 'गॅस'.

हा शब्द चक्क एका माणसाने बनवला. सतराव्या शतकात व्हान हेल्माँट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला हवेसारख्या पदार्थांसाठी नाव हवं होतं, त्याने ग्रीकमधल्या 'केऑस'वरून ते घेतलं. केऑस म्हणजे आकार नसलेला गोंधळ. आपल्या घरात हा गोंधळ लाल सिलिंडरमध्ये बसला. "गॅस संपला", "गॅस बारीक कर", "गॅसचं अनुदान आलं का". पोटात झाला की तोच गॅस वेगळा.

भोपाळमध्ये मात्र हा शब्द एका रात्रीत आक्रसला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटलं, आणि त्यानंतर तिथल्या हिंदीत गॅस 'लागायला' लागला, ऊन लागतं तसा. "उसको गैस लगी थी." गॅसच्या आधी, गॅसच्या नंतर, अशी माणसं वर्षं मोजतात. कुठला गॅस हे तिथे कोणी विचारत नाही.

कुंभवलीत अजून विचारावं लागतं. रात्री दोन वाजता शेजारी दार वाजवून "गॅस सुटलाय" म्हणाला, तर दोन शक्यता आहेत आणि त्यांची उत्तरं उलटी आहेत. घरातला सिलिंडर गळत असेल तर खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, बाहेर पडायचं. कंपनीतून काही सुटलं असेल तर आधी खिडक्या-दारं लावायची, नाकावर ओला फडका धरायचा, वारा कुठून येतोय ते बघायचं आणि बाहेर निघावंच लागलं तर वाऱ्याला आडवं जायचं. एकाच शब्दाने खिडकी उघडते आणि बंदही होते. त्यामुळे दार वाजवणाऱ्याने आणखी एक शब्द जोडायचा, "सिलिंडरचा" किंवा "कंपनीचा". ब्रेआल म्हणाला होता की बोलणारा कुठे उभा आहे यावरून अर्थ कळतो, पण रात्री दोन वाजता, अंधारात, दाराच्या पलीकडून ते कळत नाही.

तर मंडळी, तुमच्या कारखान्यात, ऑफिसात, रिक्षा स्टँडवर असा एखादा इंग्रजी शब्द असेल, ज्याचा अर्थ फक्त आतल्यांना कळतो, तर व्हॉइस नोट करून पाठवा. कुठल्या गावचा आणि कुठल्या धंद्यातला, तेवढं सांगा. पुढच्या भागात नाक्यावरून बंदरावर जाऊया, सातपाटीला. तिथे 'इंजिन' आणि 'लायसन'ची वेगळीच कहाणी चालू आहे.